लेबलाच्या मागे कोण?

बालमित्रांनो,

आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. अंगातल्या शर्टाची नाहीतर फ्रॉकची मानेची बाजू उलटी करून बघा. (स्वतःची दिसत नसेल तर शेजारच्याची बघा, पण विचारून, बरं का!) तिथं एक छोटीशी पट्टी शिवलेली असेल. तिच्यावर कंपनीचं नाव असतं, माप असतं, कपडा कसा धुवायचा तेही असतं. आता सांगा पाहू, त्या पट्टीवर काय नसतं?

हाच प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारला. कुणी म्हणालं, "किंमत!" कुणी म्हणालं, "दुकानाचा पत्ता!" मग खिडकीजवळून हळूच एक आवाज आला, "बाई, शिवणाऱ्याचं नाव."

हे उत्तर देणाऱ्या मुलीची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यात एक चूक आहे आणि ती चूक तुमच्या बाईंचीच आहे. त्याचबरोबर आपण थेट पॅरिसलाही जाऊन येणार आहोत!

आमची शाळा चाकणजवळच्या एका गावात आहे. वर्गातल्या बहुतेकांचे वडील कारखान्यात. कुणाचे प्रेसवर, कुणाचे रंगखात्यात, कुणाचे तपासणीला. गुरुवारी सुटी, बाकीचे दिवस पाळी. जूनमध्ये आम्ही प्रत्येक मुलाच्या घरची माहिती भरून घेतो. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय असे रकाने असतात. वडिलांबद्दल मी प्रत्येकाला विचारलं. आणि आईच्या रकान्यात? न विचारताच भराभर लिहीत गेले, "गृहिणी, गृहिणी, गृहिणी."

पुढे कार्यानुभवाच्या तासाला आम्ही टाके शिकायला घेतले. धावदोरा झाला, हेम झाली, मग साखळी टाका आला. डी.एड.ला असताना मी या टाक्यांची अख्खी नमुनावही केली होती, त्यामुळे मला जरा ऐटच होती. पण या मुलीची साखळी माझ्याहून सरळ! एकसारखी, जणू मशीनने घातलेली. मी विचारलं, "कुणी शिकवलं गं?"

"आईने. ती ब्लाउजवर आरीचं काम करते."

"मग आई काम करते हे सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "ते काम नाही बाई. ते ती घरीच करते."

मला वाटलं, हिला हे कुणी शिकवलं? मग लक्षात आलं, तिच्या नावापुढच्या रकान्यात "गृहिणी" लिहिणारी मीच की!

त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेले. एका खोलीचं घर. भिंतीला लाकडी चौकट टेकवलेली आणि तिच्यावर लग्नाच्या ब्लाउजची बाही ताणून बसवलेली. आरी म्हणजे काय, ठाऊक आहे? लाकडी मुठीची बारीक सुई. तिच्या टोकाला माशाच्या गळासारखा इवलासा आकडा असतो. एक हात कापडाच्या वर, दुसरा खाली. वरच्या हाताने आरी कापडातून खाली जाते, खालचा हात तिला दोरा देतो आणि आकडा त्या दोऱ्याचा फास वर ओढून आणतो. त्या फासातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा. झाली साखळी! मध्येच आरीच्या टोकावर मणी उचलायचा आणि तो टाक्यात अडकवायचा. ताईंचे हात इतके झरझर चालत होते, की मला आकडा दिसतच नव्हता.

मोठी माणसंही "आरी" म्हटलं की चांभारदादांची आरी आठवतील. बरोबरच आहे. कातडं शिवायची आरी आणि भरतकामाची आरी या बहिणी बहिणीच. कच्छमधल्या मोची कारागिरांनी चामड्यावरची ही कला कापडावर आणली आणि राजेरजवाड्यांचे पोशाख सजवले.

आता आपण पॅरिसला निघू. कारण हाच आकडा तिकडेही आहे! अठराव्या शतकात साखळी टाक्याचं हे भरतकाम पूर्वेकडून युरोपात पोचलं. फ्रान्समध्ये लुनेविल नावाचं गाव आहे. तिथल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात त्यात एक युक्ती केली. मणी आधीच दोऱ्यात ओवून कापडाच्या खाली ठेवायचे आणि वरून आकड्याने टाका घालायचा. म्हणजे मणी बसतात कापडाच्या खालच्या बाजूला. काम करणारीला दिसते फक्त उलटी बाजू! सुलट बाजूला काय उमटलंय ते तिने बोटांनीच ओळखायचं. पॅरिसमधल्या सगळ्यात महागड्या पोशाखांवरचं मण्यांचं काम अजूनही पुष्कळदा असंच हाताने होतं.

या महागड्या पोशाखांना फ्रेंचमध्ये म्हणतात "ओत कुत्यूर". ओत म्हणजे उंच आणि कुत्यूर म्हणजे शिवणकाम. आपण "उंची वस्त्रं" म्हणतो ना, अगदी तसंच!

पण नुसता महाग कपडा शिवला म्हणून कुणालाही हा शब्द वापरता येत नाही. फ्रान्समध्ये १९४५ पासून त्याला कायद्याचं कुंपण आहे. कोणकोणत्या घराण्यांना तो वापरता येईल, त्याची यादी तिथल्या सरकारच्या संमतीने दरवर्षी ठरते. (गाण्यातली घराणी असतात ना, तशी ही शिवणकामातली!) घराण्याचा शिवणकारखाना पॅरिसमध्येच हवा. पोशाख एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने बेतायचा, पुन्हा पुन्हा घालून बघायचा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नवे पोशाख लोकांपुढे मांडायचे.

हे काम कसं चालतं तेही ऐका. आधी गिऱ्हाइकाच्या अंगाचा हुबेहूब पुतळा तयार करतात. मग भारी कापडाला हात न लावता साध्या मांजरपाटासारख्या कापडाचा नमुना शिवतात. त्याला म्हणतात "तुआल". तो घालून बघायचा, टाचण्या लावायच्या, उसवायचा, परत शिवायचा. मनासारखा बसला की मगच रेशमाला कात्री लागते. एकेका पोशाखाला शेकडो तास लागतात. भरतकाम जास्त असेल तर हजाराच्याही वर जातात. किंमत लाखो रुपयांत. म्हणून जगभरात असे कपडे घेणारी माणसं फार थोडी.

याची सुरुवात कुणी केली माहीत आहे? फ्रेंच माणसाने नव्हे, एका इंग्रजाने! चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा १८२५ साली इंग्लंडमध्ये जन्मला. लहानपणीच लंडनच्या कापडदुकानात नोकरीला लागला. पुढे पॅरिसला गेला आणि १८५८ मध्ये त्याने तिथं स्वतःचं घराणं काढलं. तोवर शिवणारी बाई गिऱ्हाइकाच्या घरी जायची आणि मालकीणबाई सांगतील तसं शिवायची. वर्थने ते उलटं केलं. तो म्हणाला, नमुने मी काढीन, तुम्ही माझ्याकडे या! मग फ्रान्सची राणी युजेनीसुद्धा त्याची गिऱ्हाईक झाली. आणि जसा चित्रकार चित्राखाली सही करतो, तसा वर्थ आपल्या पोशाखात नावाची पट्टी शिवू लागला. तुमच्या मानेपाशी जी पट्टी आहे ना, तिची ही खापरपणजी!

यात मला तरी काही वाईट दिसत नाही. नाव लावणं म्हणजे जबाबदारी घेणं. उद्या शिवण उसवली तर कुणाला विचारायचं, ते गिऱ्हाइकाला कळतं. पण त्या पट्टीवर एकच नाव मावलं. वर्थच्या शिवणकारखान्यात शेकडो बायका शिवत होत्या. त्यांचं काय?

पॅरिसच्या शिवणकारखान्यांतल्या कारागिरांना फ्रेंचमध्ये म्हणतात "पेतीत मँ". अर्थ काय? "लहान हात"! किती गोड शब्द, नाही? पण त्यात हात आहेत, नाव कुठं आहे? या लहान हातांनी एकदा मोठं काम केलं. मे १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, पॅरिसच्या शिवणकामगार मुली सुया ठेवून रस्त्यावर आल्या. महागाईमुळे वाढ हवी आणि शनिवारी दुपारची भरपगारी सुटी हवी, ही त्यांची मागणी. पुढच्याच महिन्यात त्यांच्या धंद्यापुरता शनिवारच्या अर्ध्या सुटीचा कायदा झाला. पिंपरी-चिंचवडच्या मुलांना संप, युनियन, पाळी हे शब्द नवे नाहीत. पण साटीन शिवणाऱ्या मुलींनीही संप केला होता, हे किती जणांना माहीत असेल?

गंमत म्हणजे, ज्यांची नावं आज जगभरच्या पाट्यांवर झळकतात, त्यांतली कितीतरी माणसं मुळात अशीच लहान हातांची. लुई व्हितॉन १३ वर्षांचा असताना घरातून निघाला आणि मिळेल ते काम करत चारशे किलोमीटरहून जास्त चालत पॅरिसला पोचला. म्हणजे पुण्याहून पायी गोव्याला गेल्यासारखं! वाटेत दोन वर्षं गेली. तिथं तो पेटाऱ्या करणाऱ्याच्या हाताखाली राहिला. तेव्हा पेटाऱ्यांची झाकणं फुगीर असत. त्याने सपाट झाकणाची पेटी केली, म्हणजे एकीवर एक रचता येईल. साधीच गोष्ट, पण सुचली त्याला! गॅब्रिएल शनेलची आई ती ११ वर्षांची असताना वारली. ती अनाथाश्रमात वाढली आणि सुई धरायला तिथंच शिकली. आज तिच्या नावाचं घराणं पॅरिसमधल्या सर्वांत मोठ्या घराण्यांत गणलं जातं. आणि एर्मेस? त्या घराण्याची सुरुवात १८३७ मध्ये झाली, घोड्यांचं जीनसामान शिवण्यापासून.

आता पॅरिसहून परत महाराष्ट्रात या. ३० मार्च २०२३ च्या संध्याकाळी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर दिओर या फ्रेंच घराण्याने आपल्या कपड्यांचं प्रदर्शन मांडलं. (ते तयार कपडे होते, ओत कुत्यूर नव्हे.) मागे काय उभं केलं होतं? एक प्रचंड तोरण! आपण दाराला लावतो तसंच, पण गेटवेला शोभेल एवढं. ते भरलं होतं मुंबईच्या "चाणक्य" या भरतकामाच्या कारखान्याशी जोडलेल्या शिल्पशाळेतल्या कारागिरांनी. ही शाळा गरजू बायकांना भरतकाम शिकवते. हे काम मुंबईत पूर्वापार पुरुष कारागीरच जास्त करत आले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसला दिओरच्या ओत कुत्यूरच्या प्रदर्शनात भिंतीच्या भिंती भरतकामाने सजल्या होत्या. चित्रं माधवी पारेख आणि मनू पारेख या भारतीय चित्रकारांची आणि भरतकाम याच चाणक्यच्या हातांचं. चाणक्य काही कालपरवाची नव्हे, १९८४ पासूनची. मुंबईचे कारागीर परदेशी घराण्यांचं भरतकाम कितीतरी वर्षं करतायत. गेटवेसमोर ते फक्त उघड सांगितलं गेलं.

आणि उघड न सांगितल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलं. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या घराण्याने पुरुषांच्या पायात चपला दाखवल्या. आपण पाहतो तर काय, अगदी कोल्हापुरी! पण कोल्हापूरचं नावच नाही. खरं तर कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक निर्देशन मिळालेलं आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा या नावावर हक्क आहे. लोकांनी आवाज उठवला, पत्रं गेली. मग प्राडाने मान्य केलं की हा नमुना भारतीय पारंपरिक चपलेवरून घेतला आहे. त्यांची माणसं कोल्हापूरला आली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला, इथल्या कारागिरांकडून चपला करून घेण्याचा. बघा, एक नाव विचारलं म्हणून केवढं काय घडलं!

हे सगळं मी वर्गात सांगत होते, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, पप्पांच्या कंपनीतही तसंच आहे. ते पार्ट बनवतात, पण गाडीवर नाव गाडीवाल्या कंपनीचंच असतं." खरंच की! आपल्या भागातून किती भारी गाड्या बाहेर पडतात. भारतात जुळवलेली पहिली मर्सिडीज १९९५ मध्ये पिंपरीतल्या टेल्कोच्या कारखान्यातून निघाली. २००९ पासून त्यांचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. मी मुलांना एक गोष्ट सांगितली. मर्सिडीजच्या एएमजी नावाच्या वेगवान गाड्या असतात. त्यांतल्या कित्येक गाड्यांचं इंजिन जर्मनीतल्या आफाल्टरबाख गावात एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने जुळवतो. ते पुरं झालं की इंजिनावर त्याच्या सहीची पट्टी लागते. मालकाने बॉनेट उघडलं की आधी त्या कारागिराचं नाव दिसतं! मुलं एकदम म्हणाली, "मग आपल्याकडे का नाही?" बालमित्रांनो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही मोठे व्हाल, कारखाने काढाल, तेव्हा तुम्हीच द्या.

पण एक उत्तर आम्हाला फळ्यावर काढता आलं. मी त्या मुलीला विचारलं, "आईला एका ब्लाउजच्या कामाला किती वेळ लागतो?" ती म्हणाली, "चार रात्री. आम्ही झोपलो की ती बसते. रोज पाच तास." म्हणजे २० तास. "पैसे किती मिळतात?" "९००." वर्गाने भागाकार केला. तासाला ४५ रुपये. दुकानात त्या कामाचे गिऱ्हाइकाकडून २,५०० रुपये घेतात, हे तिला माहीत होतं. वर्ग गप्प झाला. मग एक शहाणा म्हणाला, "पण मणी, दोरा दुकानदाराचा असतो. भाडंही तोच भरतो." हेही बरोबर आहे, आणि ते फळ्यावर लिहिलंच पाहिजे. हिशेब म्हणजे भांडण नव्हे. हिशेब म्हणजे कुणाच्या वाट्याला काय येतं, ते नीट बघणं.

दुसऱ्या दिवशी मी रकान्यातलं "गृहिणी" खोडलं नाही. घरकाम हेही कामच आहे. मी त्याच्यापुढे लिहिलं, "आणि आरी कारागीर." ताईंना ते दाखवलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "बाई, वहीत लिहून पैसे वाढतात होय?" मला काही बोलता आलं नाही. खरंच, नुसतं नाव लिहून पोट भरत नाही.

पण त्यांच्या लेकीने एक केलं. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती आईचे तास लिहू लागली. तारीख, कधी बसली, कधी उठली. महिनाभराने ताई ती वही घेऊन दुकानात गेल्या. परवा मुलगी मला शाळेच्या दारातच भेटली. "बाई, शंभर रुपये वाढले!" ९०० चे १,००० झाले. फार नाहीत. तासाला ४५ चे ५० झाले. पण हा भागाकार तिने तोंडी करून सांगितला आणि तिच्या डोळ्यांतला आनंद शंभर रुपयांपेक्षा पुष्कळ मोठा होता.

आता तुमचा गृहपाठ. आई-वडील, आजी-आजोबा, काका-मावशी यांपैकी एकाला विचारा, "तुम्ही हाताने काय करता?" मग ते काम जवळ बसून दहा मिनिटं नुसतं बघा. हत्याराचं नाव विचारा, किती वेळ लागतो ते विचारा, कुठं चुकतं ते विचारा. दिवाळीला पिंपरी कॅम्पात नाहीतर चाकणच्या बाजारात कपडे घ्यायला गेलात, तर भरतकाम केलेला एखादा कपडा उलटा करून बघा. वर नक्षी दिसते, पण कारागिराचे हात दिसतात ते उलट्या बाजूला. टाके कुठं सुरू झाले, गाठ कुठं मारली, दोरा कुठं बदलला, सगळं तिथं वाचता येतं. घरात हातमागाची पैठणी असेल तर तीही आईला विचारून उलटी करा. तिची उलटी बाजू सुलटीसारखीच असते! येवल्याच्या विणकराची ती सहीच समजा.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. शाळेचा फॉर्म भरताना आईच्या रकान्यापाशी घटकाभर थांबा. मी थांबले नव्हते, म्हणून सांगते.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर हात स्वच्छ ठेवा, आणि कामात घाला!

तुमची,
बाई